घर पेटीत, माणूस वाटेत



माझ्या वडिलांची नोकरी बदलीची. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम यायचा आणि आमच्या घरात गोणपाट, सुतळी आणि दाभण बाहेर निघायचं. भांडीकुंडी पोत्यात जायची, पुस्तकं चहाच्या खोक्यांत, आणि लोणच्याच्या बरण्या आईच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून ट्रंकेत. प्रत्येक नगावर वडील रंगाने आकडा टाकत आणि एका वहीत कार्बन घालून यादी करत. नग १, मोठी ट्रंक, आत कपडे. नग २, वळकटी. असं करत पंचवीस-तीस नग व्हायचे. यादीची एक प्रत ट्रकवाल्याला, दुसरी वडिलांच्या खिशात. आईचा मात्र एक नियम होता. देव, दागिने आणि कागदपत्रं ट्रकात जायची नाहीत. एस.टी.च्या प्रवासात देवांचा डबा तिच्या मांडीवर असायचा आणि बाकीचा संसार मागून कुठून तरी, कधी तरी येत असायचा.

गेल्या वर्षी अमेरिकेत माझ्या भाचीने न्यू जर्सीतलं घर सोडून टेक्सासला बिऱ्हाड हलवलं. तिच्याकडे गोणपाट नव्हतं, ट्रकही दारात ताटकळत उभा नव्हता. एक गाडी आली आणि तिने अंगणात एक भलीमोठी पेटी उतरवून ठेवली. पेटी कसली, दार असलेली छोटी खोलीच. भाची आणि जावई पाच-सहा दिवस संध्याकाळी सवडीने त्यात सामान भरत होते. मग दाराला कुलूप लागलं, गाडी परत आली, पेटी उचलून घेऊन गेली. टेक्सासचं घर ताब्यात मिळायला सहा आठवडे होते, तेवढे दिवस पेटी कंपनीच्या गोदामात राहिली. त्या काळात एकदा फोनवर भाची म्हणाली, "मामा, सगळी सोय झाली आहे, पण आत्ता या क्षणी आमचं घर कुठे आहे म्हणून विचाराल, तर मला सांगता येणार नाही."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपण एकीकडे, आपला संसार दुसरीकडे, आणि मध्ये फक्त एक पावती. ही पेटी आली कुठून, हे शोधायला लागलो तेव्हा वाटलं होतं, की एखाद्या हुशार व्यापाऱ्याची गोष्ट हाती लागेल. तशी ती लागलीही. पण वाटेत हँबुर्गचं बंदर लागलं, आणि आज मी तुम्हाला मुख्यतः तिथली हकिकत सांगणार आहे.

सुरुवात लंडनपासून करू. १८३०च्या सुमारास लंडनच्या बेलग्रेव्हिया भागात 'पँटेक्निकॉन' नावाची एक मोठी इमारत उभी राहिली. कलाकुसरीच्या वस्तूंचा बाजार भरवण्याचा बेत होता. तो फारसा चालला नाही, आणि इमारतीचं रूपांतर सामान सांभाळणाऱ्या गोदामात झालं. घर बदलणारे, परदेशी जाणारे श्रीमंत लोक आपलं फर्निचर, चित्रं, गालिचे तिथे ठेवत. ने-आण करायला घोड्यांच्या मोठ्या बंदिस्त गाड्या होत्या. इमारतीचं नाव त्या गाड्यांना चिकटलं, आणि इंग्लंडमध्ये सामान हलवायच्या कुठल्याही मोठ्या गाडीला पँटेक्निकॉन म्हणू लागले. आगीपासून सुरक्षित असा या गोदामाचा लौकिक होता. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते आगीत जळून गेलं. प्रसिद्ध संग्राहक सर रिचर्ड वॉलेस यांच्याही काही मौल्यवान वस्तू त्या आगीत गेल्या. दुसऱ्याच्या हाती घर सोपवण्यातला धोका असा अगदी आरंभीच दिसला होता. पण तो अपघाताचा धोका होता.

पुढची अडचण समुद्राची. घरातून सामान गाडीत भरा, बंदरावर उतरवा, जहाजात चढवा, पलीकडच्या बंदरावर पुन्हा उतरवा, पुन्हा गाडीत भरा. प्रत्येक चढउतारीत एखादा पाय मोडायचा, एखादी पेटी गहाळ व्हायची. यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि युरोपातल्या सामान हलवणाऱ्या कंपन्यांनी तोड काढली, तिला म्हणत 'लिफ्ट-व्हॅन'. ही लाकडाची, कधी पत्र्याची, खोलीएवढी पेटी. ती घराच्या दाराशी आणायची, त्यातच सामान भरायचं, पेटी बंद करायची, आणि मग आख्खी पेटी गाडीवरून क्रेनने जहाजावर चढवायची. पलीकडे ती उघडायची थेट नव्या घराच्या दारात. युरोपात लोक तिला नुसतं 'लिफ्ट' म्हणू लागले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांनीही घरसामानासाठी असे डबे काढले. ते सपाट वॅगनवर ठेवून नेत. आज ज्याला आपण कंटेनर म्हणतो, त्याची ही थोरली भावंडं.

आता १९३३ सालच्या जर्मनीत येऊ. हिटलर सत्तेवर आला तेव्हा जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू राहत होते. डॉक्टर, वकील, दुकानदार, प्राध्यापक, शिंपी, कारकून. नोकऱ्या गेल्या, दुकानांवर बहिष्कार आला, १९३५ मध्ये नागरिकत्वाचे हक्क गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत देशभर प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, हजारो पुरुषांना छळछावण्यांत डांबलं. त्यानंतर ज्याला ज्याला शक्य होतं तो व्हिसासाठी वकिलातींच्या रांगेत उभा राहिला. युद्ध सुरू होईपर्यंत निम्म्याहून अधिक लोक देशाबाहेर पडले होते.

बाहेर पडणं म्हणजे नुसतं तिकीट काढणं नव्हतं. देश सोडण्याचा एक कर होता. तो मूळचा १९३१चा, मालमत्तेच्या २५ टक्के. नाझींनी त्याची जाळी बारीक केली आणि मध्यमवर्गही त्यात सापडला. कर भरून उरलेला पैसा परदेशी न्यायचा, तर त्याच्या बदल्यात मिळणारं परकीय चलन वर्षागणिक कमी होत गेलं. १९३८-३९ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम सरकारच्या घशात जात होती. रोख म्हणून खिशात नेता येत होते फक्त १० मार्क.

मग माणसांनी काय करावं? ज्यांना जमलं त्यांनी पैशाचं सामान केलं. नव्या देशात पोट भरायला उपयोगी पडेल म्हणून शिलाई मशीन घेतलं, कुणी कॅमेरा, कुणी दवाखान्याची उपकरणं, कुणी पुढची वीस वर्षं पुरतील इतक्या चादरी आणि टॉवेल. आजोबांचं कपाट, पियानो, पुस्तकं, लेकराचा पाळणा होताच. हे सगळं लिफ्टमध्ये जाणार होतं. म्हणजे ती पेटी साधी सामानाची पेटी राहिली नव्हती. एका कुटुंबाची सगळी शिल्लक आता त्या लाकडी खोक्यात होती.

सरकारलाही हे कळत होतं. म्हणून सामान बाहेर न्यायला परवानगी लागे, आणि परवानगीसाठी यादी. यादी म्हणजे आमच्या वडिलांच्या वहीसारखी 'नग १, ट्रंक' अशी नव्हे. हातरुमाल किती, चमचे किती, मोजे किती जोड, असं एकूण एक. शिवाय वस्तू १९३३च्या आधी घेतलेली, नंतर घेतलेली, की देश सोडण्यासाठी मुद्दाम घेतलेली, तेही वेगवेगळं लिहायचं. मुद्दाम घेतलेल्या नव्या वस्तूंवर वेगळी रक्कम भरावी लागे. कित्येकदा ती वस्तूच्या किमतीएवढी, प्रसंगी तिच्याहूनही जास्त असे. सामान भरताना सरकारी माणूस उभा राहून यादी ताडून पाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये फर्मान निघालं, की सोनं, चांदी, रत्नं सरकारी पेढीत जमा करा. लग्नाची अंगठी, एखादं घड्याळ, माणशी मोजके काटे-चमचे एवढीच सूट. माझ्या आईचा नियम आठवा. मौल्यवान ते जवळ ठेवावं, बाकीचं गाडीत जाऊ द्यावं. इथे जवळ ठेवायचं तेच आधी काढून घेतलं होतं.

हे सोपस्कार होऊन लिफ्टवर नाव आणि मुक्कामाचं गाव रंगवलं जाई. हैफा, न्यूयॉर्क, ब्यूनस आयर्स, शांघाय. आणि ती हँबुर्ग किंवा ब्रेमेनच्या बंदराकडे रवाना होई. माणसं मिळेल त्या वाटेने, मिळेल त्या बोटीने निघून जात. सामान मागून येईल, असं वाहतूक कंपनीच्या पावतीवर लिहिलेलं असे.

पुष्कळांचं आलंही. पॅलेस्टाइनला पोचलेल्या कुटुंबांच्या लिफ्टना तर दुसरं आयुष्य मिळालं. घर बांधून होईपर्यंत लोक रिकाम्या लिफ्टला दार-खिडकी पाडून त्यातच राहिले. काहींनी तिचं कोठार केलं, काहींनी कोंबड्यांचं खुराडं. हिब्रू भाषेत परदेशातून येणाऱ्या घरसामानाच्या पेटीला 'लिफ्ट' हा शब्द तेव्हापासून रुळला.

१ सप्टेंबर १९३९ला युद्ध सुरू झालं आणि समुद्राची वाट बंद झाली. हँबुर्ग आणि ब्रेमेनच्या धक्क्यांवर, गोदामांत हजारो लिफ्ट अडकून पडल्या. रॉटरडॅम, ट्रिएस्ट अशा बंदरांतही हेच झालं. मालक लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या खोल्यांत बसून वाहतूक कंपन्यांना पत्रं लिहीत होते. आमच्या पेटीचं काय झालं? गोदामाचं भाडं चढत होतं आणि शत्रुदेशातून पैसे पाठवायचे तरी कसे?

१९४० पासून गेस्टापोने या पेट्यांवर हात टाकायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९४१ मध्ये कायद्यानेच शिक्कामोर्तब झालं. देशाबाहेर राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्व रद्द, आणि त्यांची मालमत्ता आपोआप सरकारजमा. आता चोरी करायला दार फोडायची गरज नव्हती. सामान नीट बांधलेलं होतं. नावानिशी रचलेलं होतं. प्रत्येक पेटीसोबत आतल्या चमच्यांपर्यंतची यादी होती, तीही मालकाच्या स्वतःच्या हातची. घर हलवणं सोपं व्हावं म्हणून जी जी सोय माणसाने शोधून काढली होती, ती प्रत्येक सोय लुटारूंच्या कामी आली.

१९४१ पासून हँबुर्गमध्ये लिलाव सुरू झाले. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, लोक जमायचे, बोली लागायची. पलंग, शिलाई मशीन, पडदे, लहान मुलांचे कपडे, पुस्तकं. हँबुर्गच्या या पर्वाचा बारकाईने अभ्यास केलेले इतिहासकार फ्रँक बायोर यांनी दाखवून दिलं आहे, की १९४३च्या सुरुवातीपर्यंत लिलावांतून गेस्टापोच्या बँक खात्यात ७२ लाख मार्क जमा झाले होते. पुढे फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमधल्या ज्यूंच्या घरांतून उचललेलं सामानही जहाजं आणि आगगाड्या भरभरून आलं. हँबुर्ग आणि आसपासच्या किमान एक लाख लोकांनी असं सामान विकत घेतलं असावं, असा बायोर यांचा अंदाज आहे.

मंडळी, या एक लाखांत सगळे काही नाझी पक्षाचे पुढारी नव्हते. व्यापारी होते, वस्तुसंग्रहालयांचे लोक होते, आणि घरात नवी सून येणार म्हणून स्वस्तात कपाट बघायला आलेल्या गृहिणीही होत्या. १९४३च्या उन्हाळ्यात दोस्तांच्या बाँबवर्षावात हँबुर्गचा मोठा भाग बेचिराख झाला. घर गमावलेल्या माणसांना पलंग हवा होता, भांडी हवी होती. हे सामान कुणाचं, असं त्यांनी विचारलं असेल का? बहुतेकांना उत्तर माहीत होतं, म्हणूनच प्रश्न विचारला गेला नसावा. आपल्याकडेही घरं सोडून गेलेल्यांच्या सामानाचं काय झालं, याच्या गोष्टी फाळणी पाहिलेल्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितल्या आहेत. तेव्हा हँबुर्गच्या त्या बाईकडे बोट दाखवताना आपण जरा सबुरीने घ्यावं, असं मला वाटतं.

या निर्वासितांपैकी काही आपल्या मुंबईलाही आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर त्यांतले. त्यांची पत्नी ज्यू होती. ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यावर हे जोडपं मुंबईत आलं. लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले, आणि रझा, आरा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना त्यांच्या घराचं दार कायम उघडं असे. आधुनिक युरोपीय चित्रकलेची ओळख या मुलांना ज्या घरांतून झाली, त्यांतलं हे एक. त्यांनी जे आणलं होतं, ते कुठल्याही यादीत लिहावं लागलं नव्हतं आणि त्याच्यावर बोलीही लागली नसती.

युद्ध संपलं. जिवंत राहिलेल्यांनी आपल्या लिफ्टचा शोध सुरू केला. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये भरपाईचा कायदा झाला. दावा करायचा तर पुरावा हवा. पेटीत काय होतं, हे सिद्ध कसं करायचं? इथे एक विलक्षण गोष्ट घडली. सरकारने पिळवणुकीसाठी ज्या याद्या करून घेतल्या होत्या, त्यांच्या प्रती दफ्तरांत शिल्लक होत्या. काही मालकांनीही आपली प्रत जपून ठेवली होती. ज्या कागदाने लूट सोपी केली, त्याच कागदाने आता साक्ष दिली. इतके मोजे, इतके चमचे, एक पियानो. भरपाई मिळाली ती पैशात, आणि बहुधा खऱ्या किमतीहून कमी. वस्तू परत आल्या त्या फारच थोड्या.

हे काम अजून संपलेलं नाही. जर्मनीच्या ब्रेमरहाफेन शहरातल्या सागरी संग्रहालयाने २०१८ पासून या हरवलेल्या लिफ्टचा माग काढायला घेतला. मालक कोण, वाहतूक कंपनी कोणती, लिलाव कुणी केला, वस्तू कुणी घेतली, हे दफ्तरांतून शोधून त्याची खुली नोंदवही तयार केली जात आहे. नातवंडं, पतवंडं तिथे आपलं आडनाव शोधतात. कधी एखादं चित्र, एखादं पुस्तक एखाद्या संग्रहालयात सापडतं. आपल्या बैठकीतल्या जुन्या कपाटाचा पहिला मालक कोण, हा प्रश्न काही जर्मन घरांतून आता विचारला जातो आहे.

पेटीची पुढची गोष्ट व्यापाराची आहे, ती थोडक्यात सांगतो. अमेरिकेतले ट्रकवाहतूकदार माल्कम मॅक्लीन यांनी २६ एप्रिल १९५६ला 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पोलादी पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८३ सेंट लागत. या पेट्यांना लागले टनामागे जेमतेम १६ सेंट. त्यानंतर पेट्यांची मापं जगभर एकसारखी ठरली आणि व्यापाराचं रूपच पालटलं. १९८९ मध्ये सुरू झालेलं आपलं न्हावा शेवा बंदर त्याच पेट्यांवर उभं आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका कंपनीने पेटीला पुन्हा घराच्या अंगणात आणलं. हवे तितके दिवस दारात ठेवा, भरा, मग आम्ही नेऊन सांभाळू. भाचीच्या दारात आली ती या वंशातली पेटी.

तिची पेटी सहा आठवड्यांनी टेक्सासला सुखरूप पोचली. एक आरसा तेवढा तडकला होता. हे सुखरूप पोचणं आपल्याला इतकं सवयीचं झालं आहे, की ते कुणाच्या भरवशावर होतं हे लक्षात येत नाही. कुलूप आणि पोलादाचा भरवसा खरा, पण तो दुय्यम. ज्याच्या नावाची पेटी त्याचंच सामान, एवढी गोष्ट मानणारा कायदा आणि मानणारे शेजारी असतील, तरच पावतीला किंमत. हँबुर्गच्या लिफ्टना कुलपं होती, पावत्या होत्या, मोहोरबंद कागद होते. कायदा मालकावर उलटला त्या दिवशी हे सगळं असून नसल्यासारखं झालं.

वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात त्या याद्यांची वही सापडली. सहा बदल्या, सहा याद्या. पोचलेल्या प्रत्येक नगापुढे बरोबरची खूण. चौथ्या यादीत एका ठिकाणी खूण नाही. नग १७, लाकडी खोकं, आत सोऱ्या, पुरणयंत्र आणि पितळी परात. ते खोकं वाटेत कुठे तरी राहिलं. परात आईच्या माहेरची होती, काठावर तिच्या आजीचं नाव कोरलेलं. नंतर घरात दोन नव्या पराती आल्या, तरी पुरण घातलं की तिला तीच आठवायची. एका परातीची ही गोष्ट. हँबुर्गच्या धक्क्यावर आख्खी घरं होती.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी पेटी भरशील तेव्हा यादी कर, आणि ती पेटीत ठेवू नकोस, आपल्याजवळ ठेव. ती हसली. म्हणाली, "मामा, फोनवर सगळ्याचे फोटो काढले आहेत." मी म्हटलं, ते ठीक आहे, पण एक प्रत कागदावरही असू दे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)